दिवा 'हो' म्हणाला

काकड्याला पुढची जागा मिळावी म्हणून माणसं अंधारातच यायची. आधी टॉवेल टाकून जागा धरायची आणि मग चपला काढायला बाहेर जायची. विश्रांतवाडीच्या पुढे, जुन्या गावाच्या शेतांवर जिथे आता इमारती उभ्या आहेत, तिथल्या विक्रमशेठच्या मंगल कार्यालयात संपत महाराजांचा कार्तिक सोहळा बसला होता. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे काकडा, भजन आणि दीपदान. सोहळ्याचं हे दुसरंच वर्ष, पण बोलबाला असा की आळंदी रस्त्यावर पहाटेच रिक्षांची रांग लागायची.

आत मुंगीला शिरायला वाव नव्हता. टाळ, पखवाज, छताला जाऊन भिडणारा विठ्ठलाचा गजर, आणि प्रत्येकाच्या मांडीपुढे तेवणारी एकेक पणती. दारं बंद, खिडक्या बंद, पंखे बंद. शेकडो ज्योती, आणि एकही हलत नव्हती.

प्रियदर्शनी शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसली होती. ती शनिवार पेठेत राहायची, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. असल्या ठिकाणी तिला कुणी बैल लावून ओढलं तरी आली नसती. पण भाऊ उत्तरेश्वर इथेच राहत होता, कोजागरीचं दूध प्यायला ती त्याच्याकडे मुक्कामाला आली, आणि पहाटे वहिनीने पांघरूण ओढलं. "चला वन्सं. एकदा डोळ्यांनी बघा, मग काय बोलायचं ते बोला." वहिनीचं नाव कौशल्या. नवरा-बायको लातूरकडून चाकणच्या कारखान्याच्या नोकरीपायी पुण्यात आलेली. कौशल्येच्या मांडीला मांडी लावून तिची लेक अपेक्षा बसली होती, सहावीतली, जांभया देत.

गजर टिपेला गेला आणि संपत महाराज उठले. रेशमी उपरणं, कलप लावलेली दाढी, कानाला चिकटवलेला माइक.

"दिवा कुणाचा?"

"आमचा!" हॉल ओरडला.

"तेल कुणाचं? वात कुणाची? काडी कुणी ओढली?"

"आम्हीच!"

"मग महाराजांचं काय?"

"काऽही नाही!"

"काही नाही! अहो, मी नुसता पोस्टमन! पत्र तुमचं, उत्तर देवाचं. पण एक ध्यानात ठेवा. देवाला मोबाईल लागत नाही, रेंज मात्र लागते. आणि रेंज कशाची? नामाची! भजन थांबलं की रेंज गेली. म्हणून टाळ थांबू द्यायचा नाही!"

प्रियदर्शनीच्या ओठांवर हसू आलं. बाबा टेलिफोन खात्यातला दिसतोय, असं तिच्या मनात आलं. पण पुढचं बघून ते हसू जागच्या जागी विरलं.

पुढे एक उंच ओटा होता, भगव्या कापडाने झाकलेला. त्यावर विठ्ठलाची मूर्ती, मूर्तीच्या पायाशी पितळी नक्षीची जाळी आणि जाळीपुढे पणती ठेवायला पाट. ज्याला देवाला विचारायचं असेल त्याने आपली पणती तिथे ठेवायची. महाराज हात वर करून "माउली, सांगा" म्हणायचे. ज्योत झुकली तर देवाचा होकार, ताठ राहिली तर नकार. एका माणसाने फ्लॅटचं विचारलं. चहूकडच्या शेकडो ज्योती चित्रातल्यासारख्या स्थिर असताना त्याची तेवढी थरथरली आणि मुजरा केल्यासारखी आडवी झाली. लोकांनी हात जोडले. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

मग कौशल्या उठली. लेकीचं मनगट धरून पुढे गेली, पणती ठेवली आणि माइकमध्ये म्हणाली, "देवा, माझ्या पोरीला शुगर हाय. रोज चार वेळा सुई टोचावी लागती. आता सुई बंद करू का?"

प्रियदर्शनी ताडकन उभी राहिली. "वहिनी!" पण तिचा आवाज पखवाजात बुडाला.

"माउली, सांगा," महाराज म्हणाले.

ज्योत झुकली.

* * *

घरी आल्यावर जे व्हायचं तेच झालं.

"वहिनी, ही साधी शुगर नाही हो! म्हातारपणीची पथ्याने आटोक्यात येते, ती वेगळी. हिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. सुई बंद म्हणजे..." पुढचं तिच्या तोंडून निघेना, कारण पोर समोर उभी होती.

"आत्या, मी मोबाईलसारखी आहे," अपेक्षा म्हणाली. "रोज चार्जिंगला लावावं लागतं." हा तिचा नेहमीचा विनोद. मग हळूच, "पण दिव्याने हो म्हटलंय ना?"

"दिवा शाळेत गेलेला नाही, बाळा."

"तुम्हाला बोलायला काय जातंय!" कौशल्या उसळली. "शिकलेल्या तुम्ही. टोचायला कोण? मी! चार वर्षं झाली, माझ्याच हातानं माझ्या लेकराला भोसकती मी. दंडावर जागा ऱ्हायली न्हाई, मांडीवर जागा ऱ्हायली न्हाई. माझा हात कापतो आन् ती म्हणती, मम्मी, टोच, मला नाही दुखत. खोटं बोलती ती. माझ्यासाठी खोटं बोलती."

प्रियदर्शनीने वहिनीला जवळ घेतलं. कौशल्या मूर्ख नव्हती, दुष्ट तर मुळीच नव्हती. ती दमली होती. असल्या महाराजांना दमलेलं माणूस लांबून ओळखू येतं आणि त्यांचा धंदा त्याच्यावरच चालतो.

निघताना तिने भावाला जिन्यात गाठलं. "दादा, शपथ घे. सुई बंद होणार नाही."

"अगं, मी हाय की," उत्तरेश्वर म्हणाला. त्याची त्या आठवड्यात रात्रपाळी होती.

पुढचे काही दिवस प्रियदर्शनीला एकच ध्यास लागला होता. ती ज्योत झुकली कशी? तिने पणत्या आणल्या, वाती वळल्या. तेलात काही मिसळलं असेल? वातीत बारीक तार असेल? घरभर धूर झाला, पण ज्योत झुकेना. झुकणार कुठून? "दिवा तुमचा, तेल तुमचं" असं म्हणून त्या लबाडाने सगळ्यांची नजर दिव्यावर खिळवली होती, आणि ही शिकवणारी बाईसुद्धा दिव्यातच शोधत बसली. रोज फोन करायची. "सुई चालू आहे ना?" कौशल्या म्हणायची, "चालू हाय."

चालू नव्हती. त्याच दिवशी दुपारी बंद झाली होती.

पोर सारखं पाणी मागायला लागली. मग उलट्या सुरू झाल्या. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या नवऱ्याला तिने पोट बिघडलंय एवढंच सांगितलं. कौशल्येने महाराजांना विचारलं, तर महाराज म्हणाले, "उत्तम! चार वर्षांचं विष बाहेर पडतंय. घाबरून दवाखान्यात नेलंत तर परत आत जाईल." विष बाहेर पडतंय म्हणे! पोरीचा श्वास खोल आणि जोरजोरात चालायला लागला, तोंडाला सडक्या फळासारखा वास यायला लागला, तरी कौशल्या अंगारा लावून उशाशी बसली. उत्तरेश्वर पाळीवरून आला, त्याने लेकीला हाक मारली आणि तिने डोळे उघडले नाहीत. तसाच उचलून तो खाली धावला.

येरवड्याच्या एका हॉस्पिटलात प्रियदर्शनी पोचली तेव्हा अपेक्षा अतिदक्षता विभागात होती. नळ्यांमध्ये ती एवढीशी दिसत होती. तरुण डॉक्टरने बाहेर येऊन विचारलं, "इन्सुलिन कुणी बंद केलं?"

"देवाला विचारून केलं," कौशल्या म्हणाली.

डॉक्टरला रागावायचं होतं, पण ते जमलं नाही. "मेंदूला सूज आली आहे," तो म्हणाला. "फार उशीर केलात हो."

अपेक्षा गेली. वसुबारसेच्या आदल्या दिवशी. आजूबाजूच्या गॅलऱ्यांमध्ये आकाशकंदील लागत होते आणि उत्तरेश्वरच्या दारात माणसं जमत होती. प्रियदर्शनीने तिथे ऊर फुटेपर्यंत रडून घेतलं. आपण त्या दिवशी पोरीला घेऊनच का गेलो नाही, हा प्रश्न तिला पुढे कधी सुटला नाही.

* * *

दिवा खोटा ठरला, असं तुम्हाला वाटलं असेल. छे! महाराज कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी निरोप धाडला, "दिवा खोटं बोलला नाही. घरातल्या कुणीतरी शंका घेतली. शंकेनं लेकरू नेलं."

कौशल्येने तो निरोप घट्ट धरून ठेवला. तेराव्याला प्रियदर्शनी दारात आली तर तिने उंबऱ्याबाहेरच अडवलं. "तुम्ही खाल्लं माझं लेकरू. परत पाय ठेवू नका." आणि सुतक फिटल्यावर ती पुन्हा पहाटे त्या हॉलमध्ये जाऊन बसायला लागली.

"तिला समजाव, दादा," प्रियदर्शनी फोनवर म्हणाली.

"काय समजावू?" उत्तरेश्वर म्हणाला. "दिवा खोटा निघाला तर मग पोरीला मारलं कुणी? सांग की. तिला दिवा खराच पायजे, प्रिया. न्हाई तर ती जगायची न्हाई." मग म्हणाला, "पण एक सांगतो. खालच्या मजल्यावरची तनुजा हाय ना, तिच्या सूरजला आकडी येती. रोज गोळी असती. कौशल्या तिला घेऊन जाणाराय. त्रिपुरी पौर्णिमेला गोळीचं विचारायला."

आणखी एक पोर. आणि या वेळी हात धरून नेणारी तिचीच वहिनी.

त्याच संध्याकाळी तिने खिडकीत अपेक्षाच्या नावाने पणती लावली. श्रद्धा वगैरे काही नाही, लावावीशी वाटली म्हणून लावली. तुळशीची लग्नं नुकतीच लागली होती, त्यामुळे माणसांच्या लग्नांनाही मोकळीक मिळाली होती. शनिवार पेठेच्या त्या चिंचोळ्या बोळातून एक वरात आली. टेम्पोवर डॉल्बीची भिंत रचलेली, त्यापुढे नाचणारी पोरं. खिडकीच्या काचा थडथडायला लागल्या. ती वैतागून खिडकी लावायला गेली आणि तिथेच थबकली.

वारा अजिबात नव्हता. तरी प्रत्येक दणक्याला पणतीची ज्योत झुकत होती. धम्म, झुकली. धम्म, झुकली.

आणि तिला लख्ख आठवलं. गणपतीत मिरवणुकीतली पोरं नेहमी ओरडायची, "आरतीचं ताट डॉल्बीपुढून बाजूला घ्या रे, निरांजन विझतंय!" पुण्यात हे कुणाला माहीत नाही? सगळ्यांना माहीत होतं. आवाज म्हणजे तरी काय, हवेचे धक्के. आणि विक्रमशेठचा गणपतीतला धंदा कोणता? कार्यालयाच्या फाटकावर पाटीच होती, मांडव आणि डॉल्बी! मग भजन थांबू द्यायचं नाही, रेंज जाते, हे कशासाठी, तेही तिला कळलं. एवढं सोपं होतं, आणि एवढ्या उशिरा सुचलं.

* * *

भजनाची सूत्रं तुळजाबाईंच्या हातात होती. मूळ गावातल्या, सत्तरी ओलांडलेल्या, गावच्या महिला भजनी मंडळाच्या पुढारी. महाराज आज आले, उद्या जातील, पण तुळजाबाई परकरात होत्या तेव्हापासून काकडा म्हणत होत्या. प्रियदर्शनी त्यांच्या घरी गेली आणि सगळं सांगून टाकलं.

"मंजी? माझं भजन थांबवू?" तुळजाबाईंचा पारा चढला. "भजन हाय ते, तुझ्या वर्गातला दंगा न्हाय."

"कायमचं नाही हो. दिवा झुकलेला असेल तेव्हा फक्त क्षणभर. महाराज म्हणतात, भजनाशिवाय दिवा बोलत नाही. मला वाटतं, भजनाशिवाय लबाडी ऐकू येते. तुमच्या गाण्याआड कुणीतरी लपलंय, आजी."

तुळजाबाईंनी टाळाची दोरी बोटाला गुंडाळली. "आन् न्हाय काय ऐकू आलं तर?"

"सगळ्यांदेखत महाराजांच्या पाया पडेन."

"ती पोरगी," तुळजाबाई म्हणाल्या, "गेल्या साली पुढं बसायची. टाळ धरायला मागायची माझ्याकडं." त्यांनी डोळे पुसले. "ये पुनवेला. देव खरा असंल तर मी गप बसल्यानं काय पळून जाणार हाय व्हय?"

त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे हॉल ओसंडत होता. महाराजांचं "दिवा कुणाचा, तेल कुणाचं" झालं. पोस्टमनही आला, रेंजही आली. मग कौशल्या तनुजाला घेऊन पुढे गेली. तनुजाच्या कडेवर सूरज होता, झोपाळलेला. तिने पणती ठेवली. "देवा, पोराची गोळी बंद करू का?"

"माउली, सांगा!"

कोपऱ्यात मिक्सरवर बसलेल्या विक्रमशेठचा हात हलला. ज्योत थरथरली आणि झुकली.

तुळजाबाईंनी टाळ एकदम दाबून धरले. त्यांनी हात वर केला तशा बाकीच्या बायका थांबल्या. पखवाजवाला गोंधळला, त्याची थाप अर्ध्यावर राहिली. सोहळ्यात पहिल्यांदाच हॉल गप्प झाला.

आणि त्या शांततेत सगळ्यांना ऐकू आलं. घूंऽऽऽ. खालून, ओट्याच्या पोटातून. पायांखालची फरशी बारीक थरथरत होती, जाळीतून फसफस आवाज येत होता, आणि ज्योत अजून आडवीच होती.

"नाम घ्या! नाम थांबवू नका!" महाराज किंचाळले. "रेंज जाईल!"

"जाऊ द्या," तुळजाबाई म्हणाल्या. "देव बहिरा न्हाय."

विक्रमशेठने घाईने मिक्सरवरची आवाजाची पट्टी खाली ओढली. घूं बंद झाली आणि ज्योत ताठ उभी राहिली. आता तर आंधळ्यालाही कळलं असतं. प्रियदर्शनीने पुढे होऊन ओट्याचं भगवं कापड ओढलं. आत काळा, भलामोठा बेसचा खोका होता. त्याच्या तोंडाला पत्र्याचं नळकांडं जोडलेलं, आणि ते वर थेट पितळी जाळीखाली उघडत होतं.

"हा बघा तुमचा पोस्टमन," ती म्हणाली. "वरातीत वाजतो तो स्पीकर. यातून इतका खोल सूर सोडतात की पखवाजाच्या आवाजात तो कानाला कळत नाही, पण त्याने हवा हलते. हवा हलली की समोरची ज्योत हलते. पट्टी वर केली की होकार, खाली राहिली की नकार. दिवा तुमचाच होता, तेल तुमचंच होतं. फक्त 'हो' त्यांचं होतं."

एकच गलका उडाला. विक्रमशेठला चौघांनी धरलं. महाराज मागच्या दाराने निघाले होते, त्यांना चपला शोधत असतानाच बायकांनी गाठलं. पण प्रियदर्शनी कौशल्येकडे बघत होती. ती जाळीपुढे गुडघे टेकून बसली होती. तिने तनुजाची पणती बाजूला केली आणि आपली ठेवली.

"वन्सं," ती म्हणाली, "लावा परत."

"वहिनी, नको."

"लावा!"

प्रियदर्शनी मिक्सरपाशी गेली आणि तिने ती पट्टी वर सरकवली. हॉल पुन्हा चिडीचूप झाला. ओट्यातून घूं सुरू झाली.

कौशल्येने हात जोडले. "देवा," ती म्हणाली, "माझी अपेक्षा जिवंत हाय का?"

ज्योत झुकली.

ज्योत झुकतच राहिली, हो, हो, हो म्हणत राहिली. शेवटी कौशल्येनेच फुंकर मारून पणती विझवली. मग तिने असा काही हंबरडा फोडला की बाहेर रस्त्यावर उभ्या रिक्षावाल्यांनी आत धाव घेतली.

* * *

पोलीस आले, जबाब झाले. अघोरी प्रथा आणि जादूटोण्याच्या विरोधात आपल्या राज्यात कायदा आहे. तो वापरायला कुणीतरी तक्रार करावी लागते, एवढंच. या वेळी तक्रार कौशल्येने केली. फौजदार लिहून घेत होता, तेव्हा ती म्हणाली, "माझंबी नाव लिवा. सुई मी बंद केली."

"बाई, तुम्ही फसवल्या गेलात."

"फसले," ती म्हणाली. "पण ती मला पाणी मागत होती. मी बघत होते. लिवा."

आता यावर मी काय सांगू? दिवे लावा, हवे तेवढे लावा. काकडा म्हणा, गळा मोकळा करून म्हणा. तुळजाबाई आजही म्हणतात, गावच्या जुन्या देवळात, माइकशिवाय. त्या भजनाला कुणी बोट लावलेलं नाही. पण जिथे शांत बसून ऐकायला, कापड उचलून बघायला, प्रश्न विचारायला बंदी असेल, तिथून लेकरू उचला आणि सरळ घरी या. औषध चालू ठेवायचं की नाही, हे डॉक्टरला विचारा. एकाचं पटलं नाही तर दुसऱ्याला विचारा, भांडा त्याच्याशी. दिव्याचं काम उजेड द्यायचं आहे. तेवढंच त्याला येतं.

कौशल्या आता काकड्याला जात नाही. उठते मात्र त्याच वेळेला, सवयच लागली आहे. पहाटे चहासुद्धा न घेता एक मजला उतरते आणि तनुजाचं दार वाजवते. पहिल्यांदा तनुजा घाबरली होती, आता तिलाही सवय झाली आहे. केस बांधत ती दार उघडते.

"सूरजला गोळी दिली का?"

"दिली, ताई."

"बघू, पाकीट दाखव."

तनुजा पाकीट दाखवते. आजची गोळी खरंच निघालेली असते. कौशल्या ते हातात घेऊन नीट बघते, परत देते आणि जिना चढून घरी जाते.